हेड उतरवण्याआधी दाब तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना आला की बोरघाटात, कसाऱ्यात, खंबाटकीच्या चढावर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसू लागतात. बातमी येते ती वाहतूक कोंडीची. गाडी का तापली हे बातमीत नसतं आणि पुष्कळदा ते मालकालाही ठाऊक नसतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "थोडं कमी होत होतं, मधूनमधून पाणी टाकत होतो." हे पत्र त्या 'थोडं कमी होत होतं'बद्दल आहे. गळती दिसत नाही म्हणून मालक पाणी ओतत राहतो आणि गळती दिसत नाही म्हणूनच काही गॅरेजवाले तपासणी न करता थेट हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवायला घेतात. दोन्ही चुकीचं आहे. दुसऱ्या चुकीची किंमत पहिलीपेक्षा फार मोठी.

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी, ही खर्च होण्याची वस्तू नाही. लहान पेट्रोल गाडीत रेडिएटर, ब्लॉक (हेडखालचा इंजिनचा मुख्य भाग), हेड आणि हीटर मिळून साधारण ४ ते ६ लिटर कूलंट असतं आणि तेच ते फिरत राहतं. बॉनेटखालच्या कूलंटच्या बाटल्या दोन प्रकारच्या असतात, एवढा फरक आधी समजून घ्यावा. काही गाड्यांत दाबाचं झाकण रेडिएटरवर असतं आणि शेजारची प्लास्टिकची बाटली साधी, हवेला उघडी असते. अशा बाटलीतून वर्षभरात बोटभर पाणी उडून जाऊ शकतं, त्याची काळजी नको. काही गाड्यांत मात्र बाटलीलाच आट्यांचं दाबाचं झाकण असतं. तिथे पातळी जागची हलायला नको. कुठल्याही प्रकारात महिन्याभरात, हजार-दीड हजार किलोमीटरमध्ये पातळी 'मॅक्स'वरून 'मिन'वर येत असेल तर गळती आहे. कुठे आहे एवढाच प्रश्न उरतो.

शोध मोजमापाने सुरू करावा. सकाळी, इंजिन रात्रभर थंड असताना, गाडी सपाट जागी उभी करून बाटलीवर पातळीच्या रेषेत चिकटपट्टी लावायची आणि तिच्यावर किलोमीटर लिहायचे. गरम इंजिनची पातळी बघून काही कळत नाही, कारण गरम झालेलं कूलंट फुगतं आणि बाटलीत बोट-दोन बोटं वर चढतं. आठवड्याने त्याच जागी, तशाच थंड इंजिनवर पुन्हा बघायचं. पहिल्या प्रकारच्या गाडीत नुसती बाटली बघून समाधान मानू नये. थंड असताना रेडिएटरचं झाकणही उघडून बघावं, पाणी तोंडापर्यंत दिसलं पाहिजे. बाटली भरलेली आणि रेडिएटर चार बोटं रिकामा, असं चित्र अनेक गाड्यांत सापडतं. इंजिन निवताना रेडिएटरमध्ये पोकळी तयार होते आणि त्या ओढीने बाटलीतलं पाणी परत आत यायला हवं. दोन्हींना जोडणाऱ्या बारीक नळीला तडा असेल, ती तोटीवर सैल बसली असेल किंवा बाटलीत तिचं टोक पाण्याच्या वर राहिलं असेल, तर पाण्याऐवजी हवा ओढली जाते. मालक बाटलीकडे बघून निर्धास्त असतो आणि रेडिएटर रोज थोडा रिकामा होत जातो. हा दोष दुरुस्त करायला फूटभर रबरी नळी पुरते.

त्यानंतर झाकण. दोन-चारशे रुपयांच्या या वस्तूमुळे निष्कारण हेड उतरल्याची उदाहरणं कमी नाहीत. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. तेवढा दाब झाकण धरून ठेवतं म्हणून पाणी शंभर अंशांना उकळत नाही. ०.९ बारला साधं पाणीसुद्धा सुमारे ११८ अंशांपर्यंत तग धरतं आणि कूलंट मिसळलं की आणखी वर. झाकणाची स्प्रिंग मऊ पडली किंवा रबर कडक होऊन चिरलं की हा आधार जातो. महाबळेश्वरला, सुमारे १,३७० मीटर उंचीवर, उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. इंजिनचा पंखा बऱ्याच गाड्यांत तेवढ्याच तापमानाला सुरू होतो. म्हणजे गावात ठीक चालणारी गाडी वाई सोडून पसरणीचा घाट चढली की पाणी बाहेर का फेकते, याचं उत्तर कधीकधी नुसत्या झाकणात असतं. झाकण वेगळं तपासता येतं. दाबाच्या पंपाला जोडून ते लिहिलेल्या दाबापर्यंत धरतं का आणि त्याच्या वर सोडतं का, हे दोन मिनिटांत कळतं. झाकणाच्या मधोमध असलेला छोटा उलटा व्हॉल्व्हही बघावा. तो अडकला असेल तर गाडी निवल्यावर रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे जाड रबरी नळी, चपटा झालेला दिसतो.

आता खरी बाहेरची, पण न दिसणारी गळती. 'खाली थेंब पडत नाही' याचा अर्थ 'गळत नाही' असा नसतो. आजच्या गाड्यांना इंजिनखाली प्लास्टिकची ढाल असते. थेंब तिच्यावर पडतात, तिथेच सुकतात किंवा गाडी पळताना मागे उडून जातात. ढाल काढल्याशिवाय केलेली पाहणी अर्धवट समजावी. शिवाय गळणारं पाणी एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांवर, पडत असेल तर त्याची क्षणात वाफ होते, जमिनीपर्यंत काही पोचतच नाही. अशा वेळी पाण्याऐवजी त्याने मागे ठेवलेली खूण शोधायची. कूलंट सुकलं की त्यातले क्षार मागे उरतात. पांढरट, हिरवट किंवा गुलाबी, मिठागराच्या कडेला असते तशी खरबरीत पापडी. बोटाने चोळली तर भुगा होते आणि ओल्या जागी बोट किंचित चिकटतं.

ही पापडी सर्वांत जास्त कुठे सापडते ते सांगतो. वॉटर पंपाच्या पोटाला, शाफ्टच्या खालच्या अंगाला, पेन्सिलच्या टोकाएवढं एक भोक असतं. ते मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता या भोकातून बाहेर यावं, यासाठी. भोकाच्या कडेला नुसता कोरडा डाग असेल तर लक्ष ठेवावं. भोकापासून खाली ओघळाची रेघ असेल, तर पंप गेलाय. आरसा आणि टॉर्च घेऊन बघावं लागतं, वरून दिसत नाही. ज्या इंजिनांत पंप टायमिंग बेल्टवर, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवणाऱ्या पट्ट्यावर, चालतो तिथे तर तो कव्हरच्या आतच असतो. तिथे कव्हरच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात ओल दिसते का ते बघावं आणि दिसली तर गाडी चालवत राहू नये. बेल्ट भिजला, सरकला किंवा पंपाचं बेअरिंग अडकलं, तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

रेडिएटरच्या बाजूच्या टाक्या प्लास्टिकच्या आणि मधली जाळी ॲल्युमिनियमची असते. दोन्हींचा सांधा पत्र्याच्या दातांनी आवळलेला असतो आणि मध्ये रबर. हे रबर जुनं झालं की थंड असताना पाझरतं आणि गरम झाल्यावर फुगून बंद होतं. होजच्या क्लिपांचंही तसंच. पहाटे थेंब आणि दुपारी कोरडं, असं असेल तर क्लिपा आणि हे सांधे आधी बघावेत. थर्मोस्टॅटचं (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणाऱ्या व्हॉल्व्हचं) प्लास्टिकचं घर उष्णतेने वाकतं किंवा चिरतं. हीटरकडे जाणारे दोन होज इंजिनच्या मागे, फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी) असतात, तिथे कुणी बघत नाही. ब्लॉकच्या कुशीत वाटीच्या आकाराचे पत्र्याचे कोअर प्लग ठोकलेले असतात. वर्षानुवर्षं कूलंटऐवजी बोअरचं पाणी वापरलं की ते आतून गंजतात आणि सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून पाझरू लागतात. एखादा प्लग गिअरबॉक्सच्या बाजूलाही असतो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून हिरवा थेंब पडत असेल तर संशय त्याच्यावर घ्यावा.

हे सगळं डोळ्यांनी शोधण्यापेक्षा दाबाची चाचणी करणं शहाणपणाचं आहे आणि या पत्राचा सगळा भर तिच्यावर आहे. सायकलच्या पंपासारखा हातपंप, त्यावर दाबाचं घड्याळ आणि वेगवेगळ्या गाड्यांच्या तोंडांना बसणारी झाकणं, एवढंच साहित्य लागतं. इंजिन पूर्ण थंड असावं, कारण गरम इंजिनवर पाणी निवता निवता दाब आपोआप उतरतो आणि गळती नसताना गळती असल्याचा भास होतो. पातळी भरून घ्यायची, झाकणाच्या जागी पंप बसवायचा आणि झाकणावर लिहिलेल्या आकड्यापर्यंतच दाब द्यायचा. 'जरा जास्त देऊन बघू' म्हणत दीड-दोन बारपर्यंत नेलं तर चांगला रेडिएटर किंवा हीटर फुटतो. पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत होज ताणले गेल्याने काटा थोडा उतरतो. पुन्हा पंप मारून तो मूळ जागी आणायचा आणि मग घड्याळ लावून वीस मिनिटं थांबायचं. काटा हलला नाही तर निदान थंड अवस्थेत तरी गळती नाही. उतरला, तर त्या दाबाखाली गाडी ठेवून टॉर्चने प्रत्येक सांधा बघायचा, कोरडा पांढरा कागद फिरवायचा. इंजिन बंद असल्याने पंखा नाही, आवाज नाही, वाफ नाही. बारीक फुसफुस कानाला ऐकू येते.

काटा उतरतोय पण बाहेर कुठेच ओल नाही, अशा वेळी दोनच वाटा उरतात. गाडीच्या आत, नाहीतर इंजिनच्या आत.

गाडीच्या आत म्हणजे डॅशबोर्डमागचा हीटर. आपल्याकडे बहुतेकांना हीटर लागत नाही, म्हणून तो आहे हेच विसरलं जातं. पण अनेक गाड्यांत हीटर बंद असला तरी गरम पाणी त्यातून सतत फिरत असतं, बटण फक्त हवेची झडप फिरवतं. तो पाझरू लागला की काचेवर आतून तेलकट धुकं धरतं, जे पुसलं तरी पसरतं. गाडीत गोडसर वास येतो. पुढच्या सीटखालचा गालिचा ओला होतो. पावसाळ्यात हे हमखास एसीच्या पाण्याशी गल्लत करून सोडून दिलं जातं. फरक सोपा आहे. एसीचं पाणी स्वच्छ, बिनवासाचं आणि न चिकटणारं असतं, कूलंट बोटांना बुळबुळीत लागतं आणि त्याला रंग असतो. खात्री करायची असेल तर फायरवॉलपाशी हीटरचे दोन्ही होज काढून एका नळीच्या तुकड्याने एकमेकांना जोडावेत आणि दाबाची चाचणी पुन्हा घ्यावी. आता काटा स्थिर राहिला तर दोष हीटरचा.

इंजिनच्या आतली गळती समजण्यासाठी दाबांचं नातं लक्षात घ्यावं लागतं. सिलिंडरमध्ये ज्वलनाच्या वेळी कूलंटच्या कितीतरी पट दाब असतो. हेड गॅस्केटला, म्हणजे आपल्या भाषेत हेड आणि ब्लॉकमधल्या पॅकिंगला, बारीक वाट मिळाली की गाडी चालताना सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसतो. त्यामुळे होज दगडासारखे कडक होतात आणि पाणी बाटलीतून बाहेर ढकललं जातं. गाडी बंद केली की उलटं होतं. सिलिंडरमध्ये दाब नाही, पण पाण्यात अजून आहे. आता पाणी त्याच वाटेने सिलिंडरमध्ये झिरपतं आणि रात्रभर पिस्टनच्या डोक्यावर साचतं. म्हणून अशी गाडी सकाळी सुरू करताना पहिली पाच-दहा सेकंद एका सिलिंडरवर मिसिंग करते, मागून पांढरा धूर सोडते आणि नंतर नीट चालते. दिवसभर काही लक्षण नाही, फक्त सकाळी. मालकाने ही दहा सेकंदं मेकॅनिकला सांगितली पाहिजेत, कारण गाडी गॅरेजमध्ये पोचेपर्यंत ती निघून गेलेली असतात.

इथे खोट्या लक्षणांपासून सावध राहावं. हिवाळ्याच्या सकाळी सायलेन्सरमधून वाफ येणं आणि पाण्याचे थेंब पडणं नैसर्गिक आहे, पेट्रोल जळलं की पाणी तयार होतंच. इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर आणि गोडसर वास कायम असेल तरच संशय घ्यावा. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दिसणारा दुधाळ थर हाही पुरावा नव्हे. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत दमट हवेमुळे तो सहज जमतो. खरं काय ते चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, कळतं. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी, इंजिन सुरू न करता, चेंबरचा बोल्ट अर्धा-पाऊण आटा सैल करायचा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने तळाशी बसतं आणि असेल तर तेच आधी येतं. ऑइलमध्ये कूलंट सापडलं तर गाडी चालवत गॅरेजला न्यायचा विचारही करू नये, टो करून न्यावी. बेअरिंग त्या मिश्रणात फार काळ टिकत नाहीत.

सिलिंडरमधला वायू पाण्यात येतोय का, हे ठरवायला सोपी रासायनिक चाचणी आहे. काचेच्या नळीत निळा द्रव असतो. नळी रेडिएटरच्या किंवा बाटलीच्या तोंडावर घट्ट धरून रबरी फुग्याने वरची हवा त्यातून खेचायची. ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा द्रव पिवळा होतो. डिझेल गाडीत बरेचदा हिरव्यावरच थांबतो, कारण रिकामं चालणाऱ्या डिझेल इंजिनाच्या धुरात हा वायू कमी असतो. थंड असतानाच पाण्याची पातळी पाच सेंटिमीटर खाली घ्यावी, मग इंजिन झाकणाशिवाय सुरू करून गरम होऊ द्यावं आणि तोंडापासून चेहरा दूर ठेवावा. नळीत कूलंट ओढलं गेलं तर तो द्रव बाद समजावा. द्रव जुना असेल तर आधी एखाद्या चालू पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरपाशी धरून बघावा. तिथे पिवळा झाला नाही तर तो मेलेला आहे. ज्यांच्याकडे पीयूसीचं गॅस ॲनालायझर आहे त्यांनी त्याची नळी तोंडाच्या वर दोन-तीन बोटं धरून हायड्रोकार्बनचा आकडा वाढतो का ते बघावं. पाण्यात मात्र बुडवू नये, यंत्र खराब होतं. चाचणी एकदा नकारार्थी आली म्हणून पॅकिंगला निर्दोष ठरवू नये. काही गळत्या चढावर, भार आल्यावरच उघडतात. गाडी अर्धा तास चढावर पळवून लगेच पुन्हा करावी.

वायू सापडला तरी हेडला हात लावण्याआधी कुठला सिलिंडर ते काढावं. पेट्रोल गाडीत दाबाचा पंप रात्रभर लावून ठेवायचा आणि सकाळी चारही स्पार्क प्लग काढायचे. ज्या सिलिंडरमध्ये पाणी शिरतंय तिथला प्लग इतरांपेक्षा स्वच्छ असतो. भोकातून छोटा कॅमेरा सोडला तर तीन पिस्टन काळे आणि एकाचं डोकं वाफेने धुतल्यासारखं चकचकीत, असं दृश्य दिसतं. प्लग काढलेले असतानाच आधी पान्याने हाताने क्रँक (पिस्टन वरखाली करणारा इंजिनचा दांडा) फिरवावा आणि मगच स्टार्टर मारावा, पाण्याचा फवारा एका भोकातून बाहेर येतो. प्लग न काढता, सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, पाणी दाबलं जात नाही. नक्की करायचं असेल तर प्रत्येक पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या बिंदूवर आणून कॉम्प्रेसरची ५-६ बार हवा प्लगच्या भोकातून द्यावी आणि काठोकाठ भरलेल्या रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का ते बघावं. हवा देण्याआधी क्रँकवरचा पाना काढायचा, पिस्टन खाली ढकलला जाऊन तो गरकन फिरतो. नुसत्या कॉम्प्रेशन टेस्टवर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजण्यावर, विसंबू नये. केसाएवढी गळती तिच्यात दिसत नाही. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी आले तर मात्र त्यांच्यामधलं पॅकिंग गेलंय हे धरून चालावं.

डिझेलवाल्यांनी आणखी दोन ठिकाणं विसरू नयेत. पहिलं, ईजीआर कूलर. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुरातला काही भाग परत इंजिनमध्ये घेण्याआधी तो पाण्याने थंड केला जातो. त्या कूलरची आतली नळी चिरली की कूलंट थेट इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनच्या हवेच्या वाटेत, जाऊन जळून जातं. ऑइल स्वच्छ, बाहेर ओल नाही, पॅकिंग ठीक आणि पाणी मात्र कमी होतंय. सगळी लक्षणं हेडकडे बोट दाखवतात आणि हेड उतरवून नवं पॅकिंग टाकल्यावरही पाणी कमी होतच राहतं. ईजीआरचा व्हॉल्व्ह काढून आत बघावं. काजळी कोरडी असायला हवी. ती ओली, चिखलासारखी किंवा काही जागी धुऊन निघालेली असेल तर कूलर काढावा, त्याचं पाण्याचं एक तोंड बंद करून टाकीत बुडवावा आणि दुसऱ्या तोंडातून एक बार हवा द्यावी. पंक्चरवाला ट्यूब बघतो तसंच. दुसरं ठिकाण ऑइल कूलर. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब ३-४ बार आणि पाण्याचा एक, म्हणून आधी ऑइल पाण्यात येतं आणि बाटलीत तपकिरी मलई तरंगते. ही मलई दिसली की लगेच पॅकिंगवर आळ घेतला जातो. आधी कूलर तपासावा, तो काढायला हेडपेक्षा कितीतरी कमी वेळ लागतो. ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरचं ऑइल रेडिएटरच्याच टाकीत थंड होत असेल तर तिथेही हीच गोष्ट घडते आणि गिअरबॉक्स जातो.

फार सावकाश होणाऱ्या गळतीसाठी रंग वापरावा. कूलंटसाठीच बनवलेला चमकणारा रंग पाकिटावरच्या मापाने टाकायचा, आठवडाभर गाडी वापरायची आणि अंधारात अतिनील टॉर्च मारायचा. गळतीची जागा पोपटी चमकते. एसीचा किंवा ऑइलचा रंग इथे चालत नाही.

एक दोष गळती नसून गळतीसारखा दिसतो: दुरुस्तीनंतर आत राहिलेली हवा. होज किंवा थर्मोस्टॅट बदलून नुसतं वरून पाणी भरलं की हेडच्या उंच भागात हवा अडकते. मग तापमानाचा काटा चढतो-उतरतो, बाटलीत बुडबुडे येतात, हीटर गार हवा फेकतो आणि 'पॅकिंग गेलं' असा निकाल लागतो. हवा सोडण्याचा स्क्रू असेल तर तो सैल करावा, नसेल तर गाडीचं तोंड चढावर ठेवून, हीटर पूर्ण गरमवर लावून, पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालवावं आणि थंड झाल्यावर पातळी पुन्हा भरावी.

रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची आपल्याकडची जुनी युक्ती आणि बाजारात मिळणारी गळती बंद करणारी पावडर, दोन्हींना माझा सक्त विरोध आहे. छिद्र बुजतं तसंच रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्याही बुजतात. आठवड्याने गळती परत येते आणि रेडिएटर बदलावा लागतो तो वेगळाच. घाटात अडकलेल्या माणसाने साधं पाणी टाकून घर गाठणं समजू शकतो. पण त्याआधी इंजिन बंद करून वरचा होज हाताला सोसवेल इतका निवेपर्यंत थांबलं पाहिजे. तोवर झाकणाला हात लावू नये. दाब सुटताच आतलं पाणी एकदम उकळून तोंडावर येतं. बंद गाडीचा पंखाही स्वतःहून सुरू होऊ शकतो, तिथे हात घालू नये. आणि तापमानाचा काटा खाली आला म्हणजे संकट टळलं असं समजू नये. पाणी पूर्ण संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटा उतरतो.

काढलेलं जुनं कूलंट गॅरेजच्या दारात किंवा गटारात ओतू नये. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोड. गल्लीतली कुत्री-मांजरं ते चाटतात आणि अगदी थोड्या मात्रेतही मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. झाकणाच्या डब्यात भरून ठेवावं आणि वापरलेलं ऑइल जिथे देतो तिथे विचारावं.

वाचकांना विनंती एकच आहे. कुणी 'हेड उतरवावं लागेल' असं सांगितलं तर नाही म्हणू नका, वादही घालू नका. जॉब कार्डवर चार गोष्टी लिहून मागा: झाकणाने किती दाब धरला, थंड इंजिनवर सुरुवातीला किती दाब दिला, वीस मिनिटांनी किती उरला आणि वायूच्या चाचणीत द्रवाचा रंग कोणता झाला. डिझेल असेल तर पाचवी, ईजीआर कूलर काढून बघितला का. आणि हेड खरोखर उतरलंच, तर फेसिंगला (घासून सपाट करायला) पाठवण्याआधी सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून ते किती वाकलंय तो आकडाही त्याच कार्डावर घ्या. अनेक ॲल्युमिनियम हेडना ०.०५ मिलिमीटरच्या आसपासच मुभा असते, नेमकी मर्यादा त्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत छापलेली असते. ज्या गॅरेजमध्ये दाबाचा पंप नाही त्यांनी तो विकत घ्यावा. एका हेडच्या मजुरीत तो येतो.

आपला,
मोटार दुरुस्ती व्यवसायातील एक वाचक, पुणे